छातीतली चकती: कापायची की थांबायचं?

पुरुषाच्या शरीरातही इस्ट्रोजेन तयार होतं. चरबीतलं अ‍ॅरोमाटेज हे विकर टेस्टोस्टेरॉनपासूनच ते बनवतं. या दोन संप्रेरकांचा तोल बिघडला की स्तनाग्रामागची एरवी सुप्त असलेली ग्रंथी वाढू लागते. हाच गायनेकोमॅस्टिया. वयात येताना निम्म्याच्या आसपास मुलांमध्ये ती थोडीफार वाढते आणि बहुतेकांची सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप ओसरते. त्यामुळे चौदा वर्षांच्या मुलासाठी शस्त्रक्रियेची घाई नको. पण तो पोहायला जाणं बंद करतो, खांदे पुढे वाकवून चालतो, तेव्हा ‘काही होत नाही’ म्हणून त्याचं तोंड बंद करणंही मला तितकंच चुकीचं वाटतं.

आधी कळायला हवं ते हे, की वाढलंय ते नेमकं काय. डॉक्टर रुग्णाला उताणं झोपवून अंगठा आणि तर्जनी दोन्ही बाजूंनी स्तनाग्राकडे सरकवत आणतात. ग्रंथी असेल तर खाली रबरासारखी चकती हाताला लागते. नुसती चरबी असेल तर बोटं अडत नाहीत. चरबी वजनाबरोबर उतरते. ग्रंथी मात्र कितीही जोर काढले तरी हटत नाही.

मग कारण. स्पायरोनोलॅक्टोन, फिनास्टेराइड यांसारखी औषधं, जिममधली अ‍ॅनाबॉलिक स्टिरॉइड्स, यकृताचा सिरॉसिस, थायरॉइडचा अतिरेक, क्वचित वृषणातली गाठ. म्हणून वृषणांची तपासणी संकोचापोटी टाळू नये. एकाच बाजूला, स्तनाग्रापासून बाजूला सरकलेली कठीण गाठ किंवा स्तनाग्रातून रक्तस्राव असेल, तर कर्करोगाची शंका आधी दूर करायला हवी.

निर्णयात काळाचं महत्त्व फार मोठं आहे. सुरुवातीच्या महिन्यांत ग्रंथी दुखरी, वाढती असते. तेव्हा टॅमॉक्सिफेनसारखं औषध उपयोगी पडू शकतं. वर्ष उलटलं की तिथे तंतुमय ऊती भरते आणि औषधाचा फारसा परिणाम होत नाही. वाढ थांबलेली, वजन स्थिर, कारण तपासून झालेलं आणि तरीही त्या तरुणाला शर्ट काढणं असह्य होत असेल, तर शस्त्रक्रिया रास्त आहे. ग्रंथी निरुपद्रवी असली, तरी त्याचा त्रास हेच पुरेसं कारण आहे, आणि ते त्यानेच ठरवावं.

स्तनमंडलाच्या कडेने अर्धवर्तुळाकार छेद घेण्याची शल्यचिकित्सक वेबस्टर यांची पद्धत 1946 मधली. आजही ती वापरात आहे. जोडीला लायपोसक्शनने चरबी काढतात. ग्रंथी संपूर्ण खरवडली तर स्तनाग्र आत बसून खळगा पडतो, म्हणून त्यामागे थोडा थर मुद्दाम ठेवतात. रक्त साकळणं, स्तनाग्राची बधिरता, दोन्ही बाजूंत फरक राहणं हे धोके आहेत. पुढे काही आठवडे छातीवर घट्ट प्रेशर व्हेस्ट घालावी लागते. स्टिरॉइड्स चालूच ठेवली, तर मागे राहिलेला तो थर पुन्हा वाढू शकतो.