वाकू न देणारा पोशाख

१८ मार्च १९६५ रोजी अलेक्सेई लिओनोव व्होस्खोद-२ यानातून बाहेर पडले आणि १२ मिनिटे उघड्या अंतराळात तरंगले. त्याआधी हे कुणीच केले नव्हते. आत परतायची वेळ आली, तेव्हा त्यांच्या जिवावर उठला तो अंगावरचा पोशाखच.

मॉस्कोजवळ तोमिलिनो इथल्या झ्वेझ्दा कारखान्यात बनलेल्या त्या ‘बेर्कुत’ पोशाखात समुद्रसपाटीच्या ०.४ पट दाबाचा प्राणवायू होता. बाहेर दाब नावालाही नाही. पोशाख असा फुगला की बोटे हातमोज्यांतून आणि पावले बुटांतून मागे सरकली. लिओनोव यांनी झडप फिरवून दाब ०.२७पर्यंत उतरवला. दाब असा घटला की रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होण्याची भीती असते, ती पत्करूनच. मग ठरल्याप्रमाणे पाय आधी न घालता ते डोक्याकडून एअरलॉकमध्ये घुसले आणि जेमतेम मीटरभर रुंदीच्या त्या नळकांड्यात कसेबसे उलटे फिरले.

हवा ठासून भरलेली सायकलची ट्यूब दुमडून पाहा, म्हणजे अडचण कळेल. कोपर वाकवले की बाहीतली जागा कमी होते, आतला वायू दाबला जातो आणि जोर सोडताच बाही पुन्हा ताठ. म्हणजे प्रत्येक हालचालीला वायूशी झुंज. दाब कमी ठेवता येतो तो शुद्ध प्राणवायूमुळे, पण त्यालाही मर्यादा आहे.

अमेरिकेत जेमिनी मोहिमांचे पोशाख वूस्टरच्या डेव्हिड क्लार्क कंपनीने शिवले. ही मूळची बायकांची अंतर्वस्त्रे करणारी कंपनी. मला यात विनोद दिसत नाही. अंगाला घट्ट बसूनही हालू देणारे कापड कसे बेतायचे, हे त्यांच्याइतके कोण जाणणार? जून १९६५मध्ये अंतराळवीर एड व्हाइट यांचा यानाबाहेरचा फेरफटका मजेत झाला आणि सगळ्यांना काम सोपे वाटू लागले. वर्षभराने, जेमिनी-९च्या वेळी, जीन सर्नन यांनी तो भ्रम घालवला. पाठीवर बांधून अंतराळात फिरायच्या यंत्राचे झोत गरम, म्हणून त्यांच्या पायांवर पोलादी तारांचे विणकाम चढवले होते. आधीच ताठ असलेला पोशाख त्याने आणखी ताठरला. दोन तासांच्या धडपडीत ते घामाने निथळले, शिरस्त्राणाची काच धुक्याने भरली. तिच्यावर नाक घासून त्यांनी बघण्यापुरते भोक केले. यंत्राची चाचणी सोडून द्यावी लागली. नुसता वायू खेळवून एवढी उष्णता बाहेर निघत नाही, हे त्या दिवशी कळले.

म्हणून अपोलो मोहिमांच्या वेळी आतल्या कपड्यात बारीक नळ्या ओवून पाणी खेळवले. सांध्यांना भात्यासारख्या चुण्यांचे रबर दिले, वाकवले तरी आतली जागा फारशी बदलू नये असे, आणि ते लांबीला ताणले जाऊ नये म्हणून तारांनी आवळले. शिवणाऱ्या होत्या डेलावेअरमधल्या डोव्हरच्या कारागीर बायका. शिवण मिलिमीटरभरही हलता कामा नये. एखादी टाचणी थरांत राहिली तर रबराला भोक, म्हणून पोशाखांचे एक्स-रे काढत.

हातमोजे मात्र अजून वठणीवर आलेले नाहीत. अंतराळ स्थानकाबाहेर सहा-सात तास काम करून आलेल्यांची बोटे आजही सोलवटतात, कुणाचे नखही निघून येते.