माल कमी, नफा दहापट

२०२१ सालच्या पावसाळ्यात आमच्या प्रयोगशाळेत एका पोलादी निर्वात कक्षाची वाट पाहणे चालू होते. कक्ष युरोपातून समुद्रमार्गे यायचा होता. आधी ठरलेल्या भाड्याच्या जवळजवळ तिप्पट भाडे द्यावे लागेल असे मध्यस्थाने कळवले, आणि ते मान्य करूनही पेटी दोन महिने उशिरा आली. कारण विचारले की एकच उत्तर मिळे : ‘जहाजात जागा नाही.’

जागा नाही म्हणजे जगात मालाची ने-आण फारच वाढली असणार, असा मी सरळ अर्थ काढला. पुढे एका मोठ्या जहाज कंपनीचे वार्षिक अहवाल चाळले तेव्हा हा अर्थ चुकीचा असल्याचे ध्यानात आले. त्या चुकीत शाळेतल्या गणिताचा आणि थोड्या विज्ञानाचाही भाग आहे, म्हणून ती येथे मांडतो.

ही कंपनी म्हणजे डेन्मार्कची मर्स्क. आर्नल्ड पीटर मोलर यांनी आपल्या वडिलांबरोबर १९०४ साली स्वेनबॉर्ग या गावी तिची सुरुवात केली. आज ती कंटेनर वाहतुकीतील जगातल्या सर्वांत मोठ्या कंपन्यांपैकी एक आहे. जहाजांखेरीज बंदरांतील टर्मिनले, गोदामे आणि जमिनीवरची वाहतूक हेही तिचे उद्योग आहेत. न्हावा शेवा बंदरातले एक टर्मिनल याच समूहातली कंपनी चालवते. तरी २०२२ साली तिच्या उलाढालीचा सुमारे चार पंचमांश भाग समुद्रावरच्या वाहतुकीचा होता.

तिचे चार वर्षांचे आकडे पाहू. माल चाळीस फुटी कंटेनर हे एकक धरून लाखांत दिला आहे. भाडे म्हणजे अशा एका कंटेनरमागे मिळालेले वर्षभराचे सरासरी भाडे. सर्व आकडे स्थूलमानाने घेतले आहेत.

२०२० : माल १२६ लाख, भाडे २,००० डॉलर, उलाढाल ३९.७ अब्ज डॉलर, नफा २.९ अब्ज डॉलर.
२०२१ : माल १३१ लाख, भाडे ३,३०० डॉलर, उलाढाल ६१.८ अब्ज डॉलर, नफा १८ अब्ज डॉलर.
२०२२ : माल ११९ लाख, भाडे ४,६०० डॉलर, उलाढाल ८१.५ अब्ज डॉलर, नफा २९.३ अब्ज डॉलर.
२०२३ : माल ११९ लाख, भाडे २,३०० डॉलर, उलाढाल ५१.१ अब्ज डॉलर, नफा ३.९ अब्ज डॉलर.

२९.३ अब्ज डॉलर म्हणजे त्या वर्षीच्या विनिमय दराने सुमारे २ लाख ३० हजार कोटी रुपये. २०२० ते २०२२ या दोन वर्षांत उलाढाल दुप्पट झाली, नफा दहापट झाला. आणि वाहून नेलेला माल? तो सुमारे ६ टक्क्यांनी कमी झाला. २०२२ आणि २०२३ ही वर्षे शेजारी ठेवली तर आणखी गंमत दिसते. माल तितकाच, पण नफा सातव्या हिश्श्याच्या आसपास. कंपनीची ‘वाढ’ म्हणून वर्तमानपत्रांत जे छापून येते ते कशाच्या वाढीविषयी असते, हा प्रश्न इथे पडतो.

प्रथम नफ्याचे दहापट होणे समजून घेऊ. दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून नागपूरला खासगी बसने गेलेल्यांना हे गणित अवघड जाऊ नये. समजा, एका फेरीचा खर्च ४,००० रुपये आहे, बसमध्ये ४५ आसने आहेत आणि तिकीट १०० रुपये आहे. (हे दर आता स्वप्नातच मिळतील, पण हिशेबाला सोपे आहेत.) जमा ४,५०० रुपये, नफा ५०० रुपये. आता तिकीट २०० रुपये केले. बस तीच, चालक तोच, डिझेल तेवढेच. जमा ९,००० रुपये, नफा ५,००० रुपये. तिकीट दुप्पट, नफा दहापट! दोन आसने रिकामी राहिली तरी नफा ४,६०० रुपये उरतोच. उलट वाटेने येतानाही घसरण तशीच तीव्र असते. २०२३ मध्ये मर्स्कची उलाढाल ३७ टक्क्यांनी घटली आणि नफा ८७ टक्क्यांनी. जहाजाचा बहुतेक खर्च कंटेनर भरलेले आहेत की रिकामे, भाडे जास्त आहे की कमी, यावर अवलंबून नसतो. त्यामुळे भाड्यातला प्रत्येक जादा डॉलर जवळजवळ सगळाच नफ्यात जातो. मर्स्कचा खर्चही या काळात वाढला, विशेषतः २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर इंधन महागल्याने. पण भाड्याइतका नाही.

ओघात टक्केवारीची एक गोष्ट सांगून टाकतो. २०२१ ते २०२२ या वर्षात भाडे ३९ टक्क्यांनी वाढले, माल ९ टक्क्यांनी घटला. मग भाड्याची जमा ३० टक्क्यांनी वाढली असे उत्तर वर्गात बरेच हात वर करून मिळेल. खरे उत्तर १.३९ × ०.९१ = १.२६, म्हणजे २६ टक्के. कंपनीची एकूण उलाढाल ३२ टक्क्यांनी वाढली, कारण तीत अडकलेल्या कंटेनरांबद्दलचे आकार, जमिनीवरची वाहतूक इत्यादी बाबीही असतात.

आता मुख्य प्रश्न. माल फारसा वाढला नाही, जहाजे बुडाली नाहीत, मग जागा गेली कुठे?

आशिया आणि युरोप यांच्यामध्ये दर आठवड्याला एक जहाज सुटेल अशी सेवा चालवायची आहे, असे समजा. जहाज निघून, सर्व बंदरे करून, परत पहिल्या बंदरात यायला ८४ दिवस लागतात. मग जहाजे किती हवीत? ८४ ÷ ७ = १२. एसटीच्या आगारात वेळापत्रक आखणारे हेच गणित करतात. याचे सर्वसाधारण रूप अमेरिकन शास्त्रज्ञ जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केले : एखाद्या व्यवस्थेत सरासरी जितक्या वस्तू असतात, ती संख्या त्यांच्या येण्याचा वेग आणि प्रत्येकीचा आत राहण्याचा काळ यांच्या गुणाकाराइतकी असते. हा नियम दवाखान्यातल्या रांगेला लागू पडतो, तसा महासागरालाही.

आता बंदरांत गर्दी झाली आणि प्रत्येक फेरीत जहाज १० दिवस जादा थांबले. फेरी ९४ दिवसांची झाली. जहाजे १२च आहेत, म्हणून दर ७ दिवसांऐवजी ७.८ दिवसांनी एक जहाज सुटेल. वर्षभरात वाहून नेता येणारा माल साडेदहा टक्क्यांनी कमी झाला! एकही जहाज मोडीत निघालेले नाही, एकही कंटेनर हरवलेला नाही. माल नेण्याची क्षमता लोखंडात जेवढी असते तेवढीच वेळात असते. थांबलेले जहाज म्हणजे हिशेबापुरते नसलेले जहाज.

प्रत्यक्षात झाले ते असेच. २०२० च्या सुरुवातीला महासाथीमुळे मागणी कोसळणार म्हणून कंपन्यांनी अनेक फेऱ्या रद्द केल्या. पण घरी बसलेल्या अमेरिकन लोकांनी सहलींचे पैसे वस्तूंवर खर्च केले. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर माल आदळू लागला, गोदीत आणि ट्रकवर माणसे अपुरी पडली. जानेवारी २०२२ मध्ये लॉस एंजेलिस आणि लाँग बीच या जुळ्या बंदरांबाहेर शंभराहून अधिक कंटेनर जहाजे ताटकळत होती. मधेच, २३ मार्च २०२१ रोजी, ४०० मीटर लांबीचे ‘एव्हर गिव्हन’ हे जहाज सुएझ कालव्यात आडवे अडकले आणि सहा दिवस वाट बंद राहिली. रिकामे कंटेनरही नको त्या जागी साचले. आमच्या कक्षाची पेटी याच साखळीत कुठेतरी पडून होती.

जागा दहा टक्क्यांनी कमी झाली तर भाडे दहा टक्क्यांनी वाढावे. ते दुपटीहून अधिक का वाढले? कारण माल पाठवणारा सहसा मागे हटत नाही. चाळीस फुटी कंटेनरमध्ये आत सुमारे ६७ घनमीटर जागा असते. त्यात बुटांचे ६,००० जोड बसतात असे धरू. कंटेनरचे भाडे २,००० डॉलर असेल तर एका जोडामागे ३३ सेंट पडतात. ४,६०० डॉलर झाले तर ७७ सेंट. चाळीस डॉलरना विकल्या जाणाऱ्या बुटाच्या व्यापाऱ्याला यात काय मोठेसे? तो जादा भाडे देऊन जागा पटकावतो. नवे जहाज बांधून यायला दोन-तीन वर्षे लागतात, म्हणून पुरवठा लगेच वाढत नाही. मागे हटतो तो स्वस्त, जागा खाणारा माल पाठवणारा : रद्दी कागद, चारा, साधे धान्य. आणि ज्याची वर्षाची एक-दोनच खेपांची गरज असते असा छोटा माणूस.

मोठे ग्राहक वर्षभराचा करार करून भाडे बांधून घेतात, छोट्यांना त्या दिवशीच्या दराने जागा घ्यावी लागते. शांघायहून निघणाऱ्या मालाच्या रोजच्या बाजारभावाचा निर्देशांक जानेवारी २०२२ मध्ये ५,१०० च्या वर गेला होता. फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो १,००० च्या खाली आला. म्हणजे मर्स्कचे विक्रमी नफ्याचे २०२२ हे साल बाजाराच्या दृष्टीने उताराचे होते! चढ्या भावाने केलेले करार वर्षभर पैसा देत राहिले. वार्षिक अहवाल हा ताऱ्याच्या प्रकाशासारखा असतो, तो निघाला तेव्हाची स्थिती दाखवतो. (ही उपमा मला आवडते, पण फार ताणू नये.)

सगळा दोष रांगेवर ढकलणेही मला पटत नाही. त्या काळात पूर्व-पश्चिम मार्गांवरची बहुतेक वाहतूक नऊ मोठ्या कंपन्यांच्या तीन गटांकडे होती. मर्स्क स्वित्झर्लंडच्या एमएससीबरोबर त्यांपैकी एका गटात होती. २०२० मध्ये फेऱ्या एकाच वेळी कमी करणे त्यांना त्यामुळे सोपे गेले. खेळाडू थोडे असले की टंचाईचा फायदा उचलणेही सोपे होते.

२०२३ मध्ये रांगा विरल्या, जहाजे मोकळी झाली, म्हणजेच ‘नसलेली’ जहाजे पुन्हा हिशेबात आली. त्यात भरभराटीच्या वर्षांत मागवलेली नवी जहाजेही गोदीतून बाहेर पडू लागली. मर्स्कने नोव्हेंबर २०२३ मध्ये दहा हजारांवर माणसे कमी करण्याचे जाहीर केले. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिने स्वतःच अंदाज सांगितला की, २०२४ मध्ये व्याज आणि कर धरण्याआधीचा निकाल शून्य ते ५ अब्ज डॉलर तोटा यांच्या दरम्यान राहील. वर्षअखेर प्रत्यक्षात निघाला साडेसहा अब्ज डॉलरचा नफा.

हे कसे झाले? नोव्हेंबर २०२३ पासून येमेनमधील हूथी गटाने तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले. कंपन्यांनी सुएझची वाट सोडून आफ्रिकेला वळसा घातला. सिंगापूर ते रॉटरडॅम हे अंतर सुएझमार्गे सुमारे ८,४०० सागरी मैल, तर केप ऑफ गुड होपवरून सुमारे ११,८००. जादा ३,४०० मैल, ताशी १६ सागरी मैलांच्या वेगाने जवळजवळ ९ दिवस, जाऊन-येऊन १८. आपली ८४ दिवसांची फेरी १०२ दिवसांची झाली. १२ जहाजांच्या जागी १५ हवीत.

वेग वाढवला तर? पाण्यातून जाणाऱ्या जहाजाला लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. अंतर तेच असेल तर वेळ वेगाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो, म्हणून दर मैलाचे इंधन वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १६ चा वेग १८ केला तर (१८/१६)² = १.२७, म्हणजे २७ टक्के जादा इंधन. त्या बदल्यात फेरीतले सुमारे ७ दिवस वाचतात आणि १४ जहाजांत भागते. एका जहाजाच्या बदल्यात उरलेल्या चौदाही जहाजांनी चौथ्या हिश्श्याहून जास्त इंधन जाळायचे! फाजील ठरू पाहणारी नवी जहाजे या वळशाने शोषून घेतली, भाडी पुन्हा चढली, आणि मर्स्कची २०२४ ची उलाढाल ५५.५ अब्ज डॉलर झाली.

आपल्याकडून पाहिले तर हा वळसा आणखी लांब पडतो. मुंबई ते रॉटरडॅम हे सुएझमार्गे सुमारे ६,३०० सागरी मैल, आफ्रिकेला वळसा घालून सुमारे १०,७००. एका बाजूचा प्रवास ११ दिवसांनी लांबतो. २०२४ च्या हंगामात नाशिकची द्राक्षे न्हावा शेव्याहून याच वाटेने युरोपला गेली. बुटांना या ११ दिवसांनी काही होत नाही. द्राक्षे तोडल्यावरही श्वसन करत असतात. शीतकंटेनरमध्ये तापमान शून्याच्या आसपास ठेवून ते मंदावता येते, थांबवता येत नाही. देठ सुकतात, मणी सैल होतात, आणि पेटी उघडल्यावर मिळणारा भाव त्यावर ठरतो. बागाईतदाराच्या हिशेबात वाढलेले भाडे एका ओळीत लिहिता येते, हे ११ दिवस मात्र घटलेल्या भावातून कळतात.

वर्गात हे करून पाहायचे असेल तर वरचे चार वर्षांचे आकडे फळ्यावर लिहून ‘नफा’ हा आकडा झाकावा आणि कंपनीचे सर्वांत चांगले वर्ष कोणते, असे विचारावे. मी अकरावीच्या एका वर्गात विचारले, तेव्हा निम्म्याहून अधिक मुलांनी २०२१ सांगितले. माल सर्वांत जास्त त्याच वर्षी गेला होता.