मैदानावरील संकोच

सप्तशृंगीचा गड ज्या तालुक्यांत आहे त्या कळवणच्या डोंगराळ मुलखांत मुली हंडे घेऊन चढण चढतात, कांद्याच्या शेतांत दिवसभर निंदणी करतात. त्या वेळीं आपले पाय जाड कीं बारीक, हा विचार सहसा त्यांच्या मनास शिवत नाहीं. परंतु त्यांच्यापैकीं एखादी महाविद्यालयांत जाऊन आखूड विजारींत शर्यतीस उभी राहिली, कीं तिचा हात सदऱ्याचें टोक खालीं ओढूं लागतो. शरीर तेंच, बळहि तेंच; मग हा संकोच आला कोठून?

शेतांत शरीर हें कामाचें साधन असतें. मैदानावर तें पाहण्याचा विषय बनतें, हें याचें उत्तर. फ्रेडरिक्सन व रॉबर्ट्स या अमेरिकन विदुषींनीं १९९७ सालीं हीच उपपत्ति मांडली. लहानपणापासून इतरांच्या नजरेनें न्याहाळली गेलेली मुलगी पुढें तीच नजर उसनी घेऊन स्वतःकडे पाहूं लागते. तत्पूर्वीं १९८९ सालीं हार्ट, लिअरी व रेजेस्की यांनीं ही भीति मोजण्याकरितां बारा विधानांची प्रश्नावली रचली होती. हरण्याची भीति निराळी आणि दिसण्याची भीति निराळी, हें श्रोत्यांनीं ध्यानांत घ्यावें.

या भीतीचे परिणाम तीन. एक, अर्धें लक्ष खेळांत व अर्धें प्रेक्षकांत, यामुळें खेळ बिघडतो. दुसरा, मुलगी निमित्तें काढून सराव टाळते आणि अखेर मैदान सोडते. तिसरा सर्वांत घातक. बारीक दिसण्यासाठीं ती जेवण तोडते. श्रमाच्या मानानें अन्न कमी पडलें कीं मासिक पाळी अनियमित होते किंवा थांबते, हाडें ठिसूळ होतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनें २०१४ सालीं या अवस्थेस स्वतंत्र नांव देऊन सावधगिरीचा इशारा दिला.

यास उपाय मैदान सोडणें नव्हे. शरीराकडे त्याच्या कर्तृत्वावरून पाहण्याची संवय ज्या मुलीस खेळानें लागते, तिचा संकोच बहुधा ओसरतो. मात्र पोषाखाचा निर्णय तिच्या हातीं असावा. २०२१ सालीं नॉर्वेच्या महिला संघानें वाळूवरील हँडबॉलच्या सामन्यांत तोकड्या वस्त्राऐवजीं चड्डी घातली, म्हणून संघास दंड झाला. पुढें त्याच वर्षीं तो नियमच बदलावा लागला. ज्या मुलीस लांब विजार हवी तिला ती मिळावी, आणि जिला आखूड हवी तिला कोणीं नांवें ठेवूं नयेत.

नाशिक जिल्ह्यापुढें उदाहरणें घरचींच आहेत. सावरपाडा या आदिवासी पाड्यांतील कविता राऊत यांनीं २०१० सालीं दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेंत दहा हजार मीटर धावून कांस्यपदक मिळविलें. याच जिल्ह्यांतील संजीवनी जाधव यांनीं २०१७ सालीं तैपेई येथील जागतिक विद्यापीठ स्पर्धेंत त्याच अंतरास रौप्यपदक मिळविलें. घड्याळानें या दोघींचा रंग विचारला नाहीं, बांधाहि विचारला नाहीं. त्यानें फक्त वेळ मोजली.

घरांतील वडीलधाऱ्यांनीं एवढें जरी केलें तरी पुष्कळ झालें. मुलगी सरावाहून परतली म्हणजे ‘उन्हानें किती काळवंडलीस!’ असें न म्हणतां ‘आज किती धावलीस?’ असें विचारावें, आणि तिच्या ताटांत भाकरी वाढतांना हात आखडूं नये.