मागचे चाक तापते? कॅलिपर बदलण्यापूर्वी एवढे तपासा

व्यापाऱ्याच्या घरी गाडी ही शौकाची चीज नसते. भिवंडीहून मालेगावला नमुने न्यायचे, परतताना वसुली करायची, अधूनमधून कुटुंबाला लग्नकार्याला पोहोचवायचे, ही तिची मजुरी. नवी मोठी गाडी सर्वांना परवडत नाही. म्हणून पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या चांगल्या गाड्या आपल्या बाजारपेठेत आजही हातोहात फिरतात. त्यातलीच एक म्हणजे पहिल्या पिढीची स्कोडा ऑक्टेविया. औरंगाबादजवळ (आजचे छत्रपती संभाजीनगर) शेंद्रा येथे 2001 साली तिची जुळणी सुरू झाली. डिझेल इंजिन दणकट, डिकी प्रशस्त, कापडाचे गठ्ठे आरामात मावतात. पण या गाडीचे एक जुने दुखणे आहे, ते म्हणजे मागचा ब्रेक धरतो.

आम्ही कापडाचे व्यापारी, पाना चालवून पोट भरणारे नव्हे. मात्र जुन्या गाड्या सांभाळताना आणि कारीगरांच्या शेजारी तासन् तास उभे राहताना जो तजुर्बा मिळाला, तो व्यापारी बांधवांच्या आणि गॅरेजवाल्या भावांच्या उपयोगी पडेल असे वाटते.

ड्रम आणि डिस्क यांतला फरक

त्या काळातल्या बहुतेक देशी गाड्यांना मागे ड्रम ब्रेक असत. आपल्या कारीगरांचा हात त्यावरच बसलेला. ऑक्टेवियाला मागे डिस्क आहे आणि हँडब्रेकही त्याच कॅलिपरमधून चालतो. कॅलिपरच्या पाठीवर एक छोटा दांडा असतो. केबल त्याला ओढते, दांडा आतला आटा फिरवतो आणि पिस्टन पॅडला डिस्कवर दाबतो. पाण्याने, चिखलाने आणि दमट हवेने या दांड्याची धुरी गंजते. मग हँडब्रेक सोडला तरी दांडा पूर्ण मागे येत नाही आणि पॅड डिस्कला घासत राहतो.

ब्रेक मारताना गाडीचा बहुतेक भार पुढच्या चाकांवर जातो. त्यामुळे मागचा बिघाड लवकर कळत नाही. लक्षणे मात्र दिसतात. एका चाकाची डिस्क दुसऱ्यापेक्षा जास्त तापते, जळका वास येतो, डिझेल जास्त लागते, उतारावर सोडलेली गाडी मोकळी घरंगळत नाही. इगतपुरीकडून कसारा घाट उतरताना आधीच तापलेला ब्रेक आणखी तापतो. ब्रेक ऑइल जुने असेल तर ते उकळून वाफ होते आणि पेडल खाली बसते. डॉट 4 दर्जाच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो, पण हे ऑइल हवेतला ओलावा शोषते आणि ओलावलेल्या ऑइलची हद्द 155 अंशांपर्यंत उतरू शकते. म्हणूनच दर दोन वर्षांनी ऑइल बदलावे असे सांगतात.

दोष कुठे आहे?

चाक तापले की कॅलिपर बदला, असा सल्ला सर्रास दिला जातो. आमच्या परिचयातील एका व्यापाऱ्याने दोन्ही कॅलिपर बदलले, तरी चाक तापतच राहिले. दोष केबलचा होता. तेव्हा आधी क्रमाने तपासावे.

गाडी सपाट जागी उभी करावी. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी गुटके लावावेत. मागची बाजू उचलून घोडीवर ठेवावी, नुसत्या जॅकवर विसंबू नये. हँडब्रेक सोडून चाक हाताने फिरवावे. डिस्क किंचित घासणे स्वाभाविक आहे, जड फिरणे नव्हे.

एक : कॅलिपरचा दांडा आपल्या टेकूला परत टेकतो का ते पाहावे. टेकत नसेल तर केबल दांड्यावरून काढावी. केबल काढताच दांडा मागे गेला तर दोष केबलमध्ये, बहुधा तिच्या आवरणात गंज चढलेला असतो. केबल काढूनही दांडा अडकलेलाच राहिला तर दोष कॅलिपरचा.

दोन : दांडा ठीक असेल तर पायाचा ब्रेक दाबून सोडावा. चाक जड राहिले तर ऑइल सोडायचे निप्पल थोडे उघडावे. ऑइल जोराने बाहेर येऊन चाक मोकळे झाले, तर दाब अडकून पडला होता असे समजावे. एकाच चाकाला असे होत असेल तर बहुधा रबरी नळी आतून सुजलेली असते. बाहेरून ती नव्यासारखी दिसते. तपासणीनंतर त्या चाकाची हवा काढून घ्यावी.

तीन : निप्पल उघडूनही चाक सुटले नाही तर पिस्टन किंवा सरकत्या पिना जाम आहेत. आतला पॅड संपत आलेला आणि बाहेरचा जाड दिसला, तर आधी पिना पाहाव्यात. पुष्कळदा पिना साफ करून ब्रेकसाठीचे सिलिकॉन ग्रीस लावले की काम भागते. साधे ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू नये, त्याने रबर फुगते.

बदलताना

कॅलिपर बदलणेच भाग असेल तर काही गोष्टी सांभाळाव्यात. पिनेचे बोल्ट 13 च्या पान्याने सुटतात, पण पिन सोबत फिरू नये म्हणून मागे 15 चा पातळ पाना धरावा लागतो. बोल्ट नवे घालावेत आणि टॉर्क पान्याने 35 न्यूटन-मीटरवर आवळावेत.

सर्वांत मोठी चूक पिस्टन आत बसवताना होते. ड्रमची किंवा पुढच्या ब्रेकची सवय असलेला कारीगर शिकंजा लावून पिस्टन दाबतो. या गाडीत पिस्टन दाबत दाबत घड्याळाच्या दिशेने फिरवावा लागतो, आणि ते दोन्ही बाजूंना. नुसता जोर लावला तर आतला आटा मोडतो आणि चांगला कॅलिपर भंगारात जातो. इतर कंपन्यांच्या काही गाड्यांत एका बाजूची दिशा उलटी असते, तेव्हा खात्री करून घ्यावी.

डावा-उजवा ओळखावा. बसवल्यावर निप्पल वरच्या बाजूस आले पाहिजे. ते खाली आले तर बाजू चुकली आणि हवा कधीच पूर्ण निघणार नाही. नळीच्या जोडणीत तांब्याचे वॉशर असतील तर नवे घालावेत. पॅड नेहमी दोन्ही चाकांचे एकदम बदलावेत. हवा काढल्यावर पेडल घट्ट होईपर्यंत दाबावे, त्यानंतरच हँडब्रेकची केबल जुळवावी. हँडब्रेक सोडल्यावर दोन्ही दांडे टेकूला टेकलेच पाहिजेत. हे न पाहता केबल ताणली तर नवा कॅलिपरही पहिल्या दिवसापासून तापेल.

गॅरेजवाल्या भावांना एक विनंती. ब्रेकची भुकटी हवेच्या पाइपने उडवू नका. जुन्या पॅडमध्ये काय मिसळले आहे ते ठाऊक नसते आणि ती भुकटी तुमच्याच छातीत जाते. ओल्या फडक्याने पुसा.

माल घेताना

कुर्ल्याच्या जुन्या पार्ट्सच्या बाजारात असा कॅलिपर स्वस्तात मिळतो. पण तोही तेवढ्याच वयाचा आणि त्याच दुखण्याचा असू शकतो. दुकानातच दांडा ओढून सोडावा, तो झटकन परत यावा. पिस्टनवरचे रबर फाटलेले नसावे, निप्पल सुटावे. यातले एकही जमत नसेल तर तो माल स्वस्त असला तरी घेऊ नये. कॅलिपर आतून चांगला असेल तर नुसता रबर-सीलचा संच बदलूनही तो चालू करता येतो.

गाहकाने आपला काढलेला जुना पार्ट मागून घ्यावा आणि कारीगराने तो न मागता दाखवावा. कापडाच्या धंद्यात आम्ही ताग्याची घडी उघडून गाहकासमोर मोजतो, तेव्हाच तो पुन्हा येतो. पंधरा वर्षांवरील गाडीची नोंदणी वाढवायची तर आरटीओत तिची तपासणी होतेच. तोपर्यंत थांबण्याचे कारण नाही. येत्या लांबच्या फेरीनंतर चारही चाकांजवळ हात नेऊन पाहावा, डिस्कला मात्र हात लावू नये. मागचे एक चाक दुसऱ्यापेक्षा फार गरम लागले, तर घाटाच्या पुढच्या फेरीआधी गाडी घोडीवर चढवावी.