पिकअप-टेम्पो घरीच रंगवा : कमी खर्चात, पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी



भातकापणी उरकली. भाजीच्या फेऱ्या जोरात सुरू व्हायला अजून थोडे दिवस आहेत. पाऊस नाही, हवा कोरडी. ज्यांच्या पिकअपच्या किंवा छोट्या टेम्पोच्या पत्र्याला गंज धरलाय, त्यांनी हे दिवस सोडू नका. गॅरेजमध्ये मोठा खर्च मजुरीचा असतो, आणि ते काम घरची दोन माणसं करू शकतात. गाडी शोरूमसारखी चमकणार नाही, पण पत्रा वाचेल.

मुख्य गोष्ट आधी सांगतो. *रंग टिकतो की नाही हे घासणीवर ठरतं.* चार दिवसांचं काम असेल तर अडीच दिवस घासणी-पुसणीला धरा. भिवंडीची हवा दमट, त्यात खाडीकडून खारा वारा. गंजावर नुसता रंग मारला तर तो पावसाळ्यात फुगतो आणि आतल्या आत पत्रा खात राहतो.

*१) कोणता रंग?*
ब्रशने लावायचा सिंथेटिक इनॅमल घ्या, खाली रेड ऑक्साइड प्रायमर. हार्डनर घालून फवारायचा पीयू रंग घरी नको. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते श्वासातून गेलं तर कायमचा दमा जडू शकतो. रुमाल किंवा धुळीचा साधा मास्क ते अडवत नाही.

*२) किती घ्यायचा?*
एक लिटरमध्ये साधारण १०० चौरस फुटांना एक हात बसतो. समजा हौदा ८ फूट लांब, साडेपाच फूट रुंद, फाळके दीड फूट उंच. तळ ४४, बाजूचे फाळके आतून-बाहेरून ४८, पुढचा-मागचा मिळून ३३. झाले १२५ चौरस फूट. प्रायमरचा एक हात म्हणजे दीड लिटर, रंगाचे दोन हात म्हणजे अडीच लिटर. केबिन रंगवायची तर ती वेगळी मोजा. मोजून गेलात तर दुकानदार सांगेल तेवढे डबे घ्यावे लागत नाहीत.

*३) घासणी*
• आधी गाडी साबणाने धुवा, पूर्ण वाळू द्या. ग्रीस-डिझेलचे डाग टर्पेंटाईनने पुसा. तेलकट पत्र्यावर रंग धरत नाही.
• गंज तारेच्या ब्रशने आणि ८० नंबरच्या पॉलिश पेपरने पत्रा चमकेपर्यंत काढा. चांगल्या रंगाचा फक्त चकाकीपणा घालवायचा, त्याला २२० पुरे.
• पत्र्याला भोक असेल तर आधी वेल्डिंग. चासीला खोल गंज असेल तर रंगाने झाकू नका, मिस्त्रीला दाखवा.
• उघडा पत्रा रात्रभर तसाच ठेवू नका. दवाने सकाळी पुन्हा तांबूस होतो. जेवढं त्या दिवशी प्रायमर लावून होईल, तेवढंच घासा.

⚠️ *जनावरं आणि लहान मुलं लांब ठेवा.* जुन्या रंगात शिसं असू शकतं. घरगुती रंगात शिसं दहा लाख भागांत ९० भागांच्या आत ठेवण्याचा नियम २०१७ पासून लागू आहे, पण तो गाड्यांच्या रंगाला नाही. गायी-म्हशी रंगाचे पापुद्रे चाटतात, त्यातून शिशाची विषबाधा होते. म्हणून गोठा, विहीर, वैरण यांच्यापासून दूर, खाली ताडपत्री अंथरून काम करा. पेपर पाण्यात भिजवून घासलं की धूळ उडत नाही. तोंडाला मास्क हवाच. पडलेला चुरा गोळा करून पिशवीत बांधा, शेतात किंवा उकिरड्यावर टाकू नका.

*४) पुट्टी*
केबिनच्या बाहेरच्या बारीक खड्ड्यांना पातळ थर चालेल. हौद्यात पुट्टी अजिबात नको. क्रेट आपटले की तुकडे पडतात आणि तिथूनच पाणी शिरतं.

*५) रंगाचे हात*
• सकाळी दव वाळल्यावर सुरू करा, दुपारी तीनच्या आत आटपा. तापलेल्या पत्र्यावर नको, सावलीत लावा.
• शेजारी यंत्रमाग असेल तर गाडी दुसरीकडे न्या. उडणारं सूत ओल्या रंगावर बसतं. लूमचं वेस्ट ग्रीस पुसायला उत्तम, पण रंगाआधीची शेवटची पुसणी धुतलेल्या जुन्या धोतराने करा.
• रंग जाड वाटला तर थोडंसं टर्पेंटाईन. रॉकेल-पेट्रोल घालू नका. एनसी थिनरही नको, त्याने खालचा रंग उकलतो.
• दोन पातळ हात द्या, मध्ये एक रात्र जाऊ द्या. एकच जाड हात दिला तर रंग ओघळतो आणि आतून ओला राहतो.
• जवळ विडी, चूल, वेल्डिंग काही नको. टर्पेंटाईनचे बोळे पाण्यात बुडवून ठेवा, ढीग करून ठेवले तर आपोआप पेटू शकतात.

*६) कशाला रंग लागू द्यायचा नाही?*
नंबर प्लेट, दिवे, रेडियम पट्ट्या (पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल), ब्रेकचे पाइप, रबर, सायलेन्सर आणि *चासी नंबर*. त्यावर मास्किंग टेप लावा. चासी नंबर रंगात बुजला तर फिटनेसच्या वेळी खोळंबा होतो.

*७) कायद्याचं*
आहे तोच रंग पुन्हा देताय तर काही अडचण नाही. रंग बदलायचा असेल तर आधी आरटीओची परवानगी आणि आरसीत नोंद. गाडीवर कर्ज असेल तर बँकेलाही विचारा, विमा कंपनीला कळवा. लष्करी ऑलिव्ह हिरवा रंग खासगी गाडीला चालत नाही. आणि मागे "हॉर्न ओके प्लीज" लिहू नका, महाराष्ट्रात २०१५ पासून व्यावसायिक गाड्यांवर त्याला बंदी आहे.

*८) माल कधी भरायचा?*
रंग हाताला वाळला म्हणजे आतून पक्का झाला असं नाही. हौदा उघडा ठेवून निदान आठवडाभर उन्हा-वाऱ्यात राहू द्या. नाहीतर मेथी, कोथिंबीर, पालक या माल्याला रंगाचा वास लागतो आणि बाजारात भाव पडतो. नंतरही पहिले काही दिवस खाली स्वच्छ ताडपत्री टाकून क्रेटमध्येच माल भरा.

*पैसे कुठे वाचवायचे?* मजुरीत वाचवा, चकचकीत रंगात वाचवा. प्रायमर, पॉलिश पेपर आणि मास्क यांत वाचवू नका. पूर्ण गाडी जमत नसेल तर यंदा फक्त हौद्याचा तळ आणि फाळक्यांच्या खालच्या कडा करा. पाणी साचून गंज तिथूनच सुरू होतो.

गाडी आठ-दहा दिवस उभी राहणार, म्हणून शेजारच्या सभासदाशी आधी बोलून फेऱ्या वाटून घ्या. एकमेकांच्या गाड्या आळीपाळीने केल्या तर कोणाचाच माल अडणार नाही. काही अडलं तर गंजलेल्या भागाचा फोटो ग्रुपवर टाका.


आपली शेतकरी उत्पादक कंपनी, भिवंडी