अळी मेली कशानं?

मेलेली अळी ओकच्या खोडावर डोकं खाली करून सरळ लोंबत असेल, तर बहुधा बुरशीनं मारलेली. उलट्या ‘व्ही’सारखी दुमडली असेल, तर विषाणूनं. ईशान्य अमेरिकेतल्या जंगलांत स्पंजी मॉथ या पतंगाच्या अळ्या तपासताना ही ढोबळ खूण उपयोगी पडते. पण सूक्ष्मदर्शकाखाली काही अळ्यांत दोघंही सापडतात.

त्रूवलो या फ्रेंच चित्रकारानं 1869च्या सुमारास हा पतंग मॅसॅच्युसेट्समधल्या मेडफर्डला आणला. तो निसटला आणि पुढे झाडांची जंगलंच्या जंगलं ओकीबोकी करू लागला. त्याचा जुना शत्रू म्हणजे एनपीव्ही विषाणू. पानाबरोबर पोटात जाऊन तो साधारण दोन आठवड्यांत अळी मारतो; अळ्यांची दाटी झाली की फोफावतो. 1989मध्ये तिथे एंटोमोफागा मैमैगा ही मूळची जपानमधली बुरशी साथीच्या रूपात आढळली. ती कातडीतून आत घुसते आणि आठवड्याभरात अळी संपवते. तिला दाटी नसली तरी चालते, ओल मात्र हवी.

दोघं एकाच वेळी एका अळीत शिरले, तर बुरशी बाजी मारते. विषाणूची वाढ पुरी व्हायच्या आतच अळी मेलेली असते. विषाणू बरेच दिवस आधी पोचला असेल, तर त्यालाही संधी मिळते. म्हणून ‘दोन रोग, दुप्पट मरण’ हा हिशेब इथे चालत नाही.

मला सर्वांत विलक्षण वाटते ती जागेची ओढाताण. मोठी झालेली निरोगी अळी दिवसा झाडावरून खाली उतरून लपते. विषाणूतलं एक जनुक मात्र आजारी अळीला शेंड्याकडेच ठेवतं, हे केली हूवर आणि सहकाऱ्यांनी 2011मध्ये दाखवलं. ती वर मेली की विरघळलेल्या देहातून विषाणू खालच्या पानांवर गळतात. बुरशीचे सुप्त बीजाणू मात्र बुंध्याजवळच्या मातीत असतात. 2015 आणि 2016च्या कोरड्या वसंतात बुरशी मंदावली, तेव्हा पतंगांचा उद्रेक झाला. 2017च्या पावसानं ती पुन्हा उसळली.

आपल्या सोयाबीनवरच्या स्पोडोप्टेरा अळ्यांवरही एनपीव्ही आणि नोमुरिया बुरशी, दोन्ही नैसर्गिकरीत्या येतात. शेतात नोमुरियानं मारलेल्या पांढऱ्या-हिरवट, ताठ झालेल्या अळ्या दिसल्या, तर फवारणीआधी थांबून त्या मोजायला हव्यात. कारण पिकाच्या रोगासाठी मारलेलं बुरशीनाशक या बुरशीलाही मारू शकतं.