प्रदर्शनातील स्टॉल : धोक्याचाही हिशेब हवा

आज आपले अनेक तरुण नोकरीची वाट पाहत न बसता छोटा उद्योग सुरू करीत आहेत. महिला बचत गटही प्रदर्शनांत स्टॉल घेतात. मुंबईत भरणारे ‘महालक्ष्मी सरस’ तर सर्वांच्या परिचयाचे आहे. ही आनंदाची गोष्ट आहे. पण स्टॉल घेताना आपण भाडे, माल व विक्री यांचा हिशेब करतो, धोक्याचा करीत नाही. तो कसा करावा, हे येथे थोडक्यात सांगत आहोत.

10 एप्रिल 2006 रोजी मेरठ येथील व्हिक्टोरिया पार्कमध्ये ग्राहकोपयोगी वस्तूंच्या प्रदर्शनाचा शेवटचा दिवस होता. मंडपांना आग लागली आणि 60 हून अधिक माणसे प्राणास मुकली. सर्वोच्च न्यायालयाने 2022 साली भरपाईची 60 टक्के जबाबदारी आयोजकांवर व 40 टक्के राज्य सरकारवर टाकली. जबाबदारी ठरायला 16 वर्षे गेली. धोका आधीच ओळखायला मात्र एक तास पुरतो.

त्यासाठी पाच पायऱ्या आहेत.

पहिली, धोका शोधणे. माल मांडण्यापूर्वी स्टॉलभोवती एक फेरी मारावी. उघडी वायर, एकाच प्लगवर जोडलेले अनेक दिवे, तापलेल्या दिव्याजवळचे कापड, वाटेतील खोकी, डगमगणारी फळी, हे सारे नजरेस पडते.

दुसरी, इजा कोणाला होईल ते पाहणे. केवळ गिऱ्हाईक नव्हे. रात्री स्टॉल उभारणारा सुतार, वायरमन, खोकी वाहणारा मुलगा, गर्दीतील लहान मूल आणि वृद्ध यांचाही विचार हवा.

तिसरी, धोका तोलून उपाय करणे. अपघात घडण्याची शक्यता किती आणि घडला तर हानी किती, हे दोन प्रश्न विचारावेत. वायरीला अडखळणे रोजचे. आग क्वचित लागते, पण जीव घेते. दोहोंचा बंदोबस्त हवा. शक्यतो धोकाच दूर करावा. ‘वायर सांभाळा’ अशी पाटी लावण्यापेक्षा वायर मागच्या बाजूने न्यावी. बाहेर पडण्याची वाट मोकळी ठेवावी. अग्निशामक नळकांडे हाताशी असावे व ते वापरता यावे. विजेच्या आगीवर पाणी टाकू नये. शक्य असल्यास आधी मेन स्विच बंद करावा.

चौथी, लिहून ठेवणे. कोणता धोका, कोणता उपाय, जबाबदारी कोणाची, हे एका कागदावर मांडावे. अग्निशमन दलाचा 101 हा क्रमांक त्यावर ठळक लिहावा.

पाचवी, पुन्हा तपासणे. रोज सकाळी एक फेरी मारावी. शेवटच्या दिवशी विशेष लक्ष द्यावे; घरी जाण्याच्या घाईत शिडी नीट धरली जात नाही आणि चालू वायरी ओढल्या जातात.

विद्यार्थी मित्रांनो, सुट्टीत तुम्हीही अशा स्टॉलवर काम कराल. धोक्याचे काम सांगितले तर ‘आधी शिडी धरा’ असे म्हणण्यास लाजू नका. आणि सभासद बंधुभगिनींनो, ज्या मुलाला आपण ‘चढ रे वर’ म्हणतो, तो कोणाच्या तरी घरचा दिवा असतो. त्याला सुखरूप घरी पोहोचविणे हा आपल्या हिशेबातील पहिला आकडा असावा, एवढीच आमची विनंती.